वसई-विरारची भूरूपे आणि शेती

पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा किनारी प्रदेश. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे बेसाल्टी डोंगर.

हिमयुगात येथे हिमनद्या नव्हत्या, पण इथल्या शेतजमिनीची जडणघडण त्या युगाशीच जोडलेली आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवरचे बरेच पाणी बर्फात अडकले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली आणि किनारा दूर पश्चिमेला होता. बर्फ वितळला तसा समुद्र चढला आणि नद्यांच्या खोऱ्यांत शिरला; त्यांच्याच खाड्या झाल्या. पुढे लाटांनी वाळू व शिंपल्यांचा चुरा किनाऱ्याशी रचला, तर भरतीने आतल्या सखल भागात चिखल आणून टाकला. शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे हे प्राचीन बंदर अशाच खाडीवर वसले होते.

किनाऱ्याकडून डोंगराकडे जाताना पिके बदलत जातात. अर्नाळा, निर्मळ, भुईगाव या वाळूच्या पट्ट्यात केळी, नारळ, पानवेली, भाजी आणि फुलांच्या वाड्या. मधल्या खाजणांत, म्हणजे भरतीच्या चिखलाच्या सखल जमिनीत, मिठागरे आणि बांध घालून राखलेली भातशेती. डोंगरपायथ्याशी पावसावरचे भात.

वाड्यांना आधार बावखलांचा. बावखल म्हणजे वाडीलगतचे खोलगट गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरते आणि त्याचे पाणी वाळूतून झिरपून विहिरींना मिळते. जमिनीखाली हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला किंवा पुनर्भरण थांबले, की खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. पूर्वी बैलांच्या रहाटाने पाणी उपसत, नंतर पंप आले आणि उपसा झपाट्याने वाढला.

याच वाड्यांतील राजेळी केळ्यांपासून सुकेळी होतात. पिकलेली केळी सोलून कडक उन्हात कित्येक दिवस वाळवतात आणि केळीच्याच सोपटात बांधून विकतात.

नागरीकरणाने गोड्या-खाऱ्या पाण्याचा हा समतोल ढळला. टँकरने होणारा उपसा आणि बेसुमार बांधकाम यांविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. बावखले आणि खाजणे भरावाखाली गेल्याने पावसाच्या पाण्याची साठवण आणि निचरा, दोन्ही अडले. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत रेल्वे ठप्प झाली आणि मिठागरांत राहणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली. उरलेली बावखले गाळ काढून जपण्यासाठी गावकरी झटत आहेत.