एका भयपटाचे प्रेक्षक: 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'च्या अभिग्रहणाचा इतिहास

१

कलाकृतीचा इतिहास म्हणून जो लिहिला जातो तो बहुतेक वेळा तिच्या निर्मितीचा इतिहास असतो. ती कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत निर्माण केली याची नोंद होते. ती कोणी, कोठे, कोणती अपेक्षा बाळगून पाहिली वा वाचली याची नोंद क्वचितच होते. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात साहित्येतिहासाच्या या उणिवेवर बोट ठेवले आणि 'अपेक्षाक्षितिज' या संकल्पनेच्या आधारे इतिहासलेखनाची वेगळी दिशा सुचवली. वाचक पूर्वपरिचित कृतींतून घडलेल्या अपेक्षा घेऊन नव्या कृतीला सामोरा जातो. ती कृती त्या अपेक्षा पुरवते, मोडते किंवा बदलून टाकते, आणि तिचा अर्थ या देवघेवीतून काळाच्या ओघात घडत जातो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९६८ रोजी, अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट प्रथम दाखवला गेला. या दोन घटनांचा परस्परांशी कसलाही संबंध नाही. तथापि याउस यांच्या सिद्धांताची कसोटी पाहण्यासाठी या चित्रपटाइतके सोयीचे उदाहरण विरळा. आज तो अमेरिकेतील वंशद्वेषाचे आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळातील हिंसेचे रूपक म्हणून शिकवला जातो. १९९९ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत त्याचा समावेश केला. पहिल्या छापील अभिप्रायांत मात्र या अर्थाचा मागमूसही आढळत नाही. हा अर्थ कोठून आला, कोणी आणला, आणि तो आणणाऱ्यांपैकी कोणाचे मत इतिहासात शिल्लक राहिले, हे येथे पाहावयाचे आहे.

२

चित्रपटाची संहिता साधी आहे. मृतदेह अकस्मात उठून जिवंतांना खाऊ लागतात. पेन्सिल्व्हेनियातील एका एकाकी शेतघरात सात माणसे अडकतात. त्यांच्यापैकी बेन नावाचा कृष्णवर्णीय तरुण दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून प्रतिकाराची व्यवस्था करतो. हॅरी कूपर हा गोरा गृहस्थ तळघरात दडून राहण्याचा आग्रह धरतो. बाहेरच्या संकटापेक्षा घरातील ही तेढच अधिक घातक ठरते. प्रेमी युगुल ट्रकच्या आगीत जळून मरते. कूपरची लहान मुलगी मरून पुन्हा उठते आणि आईचा जीव घेते. शेवटी बेन एकटा उरतो, आणि उरतो तोही ज्या तळघराला त्याने विरोध केला होता त्याच तळघरात. सकाळी शेरीफची सशस्त्र टोळी येते आणि खिडकीत दिसलेल्या बेनला मृतांपैकीच एक समजून गोळी घालते. त्याच्या प्रेताची विल्हेवाट लावली जाते ती दृश्ये वृत्तपत्रातील छायाचित्रांसारख्या भरड, स्थिर चित्रांतून येतात.

सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत, कृष्णधवल फितीवर केलेला हा चित्रपट वितरकांनी नेहमीचा भयपट म्हणून बाजारात आणला, आणि त्या काळी असा भयपट म्हणजे मुलांच्या दुपारच्या खेळाचा माल होता. १९५० च्या दशकापासून महाकाय कीटक, परग्रहावरचे प्राणी आणि तत्सम राक्षस पाहून मुलांनी हौसेने किंचाळावे, शेवटी राक्षस मरावा, नायक-नायिका सुखरूप घरी जावीत, असा संकेत रूढ झाला होता. अपेक्षाक्षितिज म्हणतात ते हेच. अमेरिकेतील चित्रपटांची वयोगटानुसार वर्गवारी १ नोव्हेंबर १९६८ रोजी सुरू झाली. म्हणजे हा चित्रपट जुन्या व्यवस्थेच्या अखेरच्या महिन्यात प्रेक्षकांपुढे आला आणि जुन्याच सवयीने मुलांना दाखवला गेला.

३

पहिल्या अभिप्रायांपैकी दोन अभिप्राय वारंवार उद्धृत होतात. 'व्हरायटी' या व्यवसायपत्राने ऑक्टोबर १९६८ मध्ये चित्रपटावर कठोर टीका केली. तीत दिग्दर्शक, वितरक आणि चित्रगृहांचे मालक यांच्याबरोबरच असा चित्रपट पाहण्यास जाणाऱ्यांच्या नैतिक स्वास्थ्याविषयीही शंका घेतलेली होती. ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. हे परीक्षण कृतीचे जितके आहे तितकेच प्रेक्षकाचे आहे. एका प्रेक्षकाने इतर प्रेक्षकांवर दिलेला तो निवाडा आहे.

दुसरा अभिप्राय रॉजर एबर्ट यांचा. जानेवारी १९६९ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये लिहिताना त्यांनी चित्रपटाच्या गुणदोषांपेक्षा त्या दुपारी चित्रगृहात बसलेल्या मुलांचे वर्णन केले. प्रारंभी मुले नेहमीप्रमाणे मजेने किंचाळत होती. मध्यावर हळूहळू शांतता पसरली. चित्रपट आता गमतीचा राहिला नव्हता. एक नऊएक वर्षांची मुलगी जागच्या जागी खिळून बसून रडत होती. एबर्ट यांचा रोख चित्रपट काढणाऱ्यांपेक्षा तो मुलांना दाखवणाऱ्यांवर होता. नग्नतेचे दृश्य नसल्याने शिकागोच्या पोलीस अभ्यवेक्षण मंडळाने तो सर्वांसाठी मान्य केला असावा, असा उपरोध त्यांनी केला. पण बंदी हा उपाय नव्हे हेही बजावले. जून १९६९ मध्ये हा लेख 'रीडर्स डायजेस्ट'ने पुनर्मुद्रित केला आणि दूरदूरच्या वाचकांना तो चित्रपटाचाच निषेध वाटला. चित्रगृहातील अनुभवाची नोंद अशा रीतीने कृतीवरील मत बनली. याच एबर्ट यांनी १९७९ मध्ये रोमेरो यांच्या 'डॉन ऑफ द डेड' या पुढच्या चित्रपटाला चार तारे दिले, हे ध्यानात घेतले म्हणजे मूळ आक्षेपाचे स्वरूप स्पष्ट होते.

त्या रडणाऱ्या मुलीचा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राला परका नाही. भयानक रसाची चर्चा करताना अभिनवगुप्त 'शाकुंतला'तील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतात. ते भय 'माझे', 'त्याचे', 'शत्रूचे' अशा संबंधांपासून आणि स्थलकालाच्या बंधनांपासून सुटते, आणि म्हणूनच आस्वाद्य होते, असे त्यांचे विवेचन आहे. शिकागोच्या चित्रगृहात हे साधारणीकरण झाले नाही. मुलीचे भय तिचेच राहिले. याचे कारण केवळ तिचे वय नव्हे. पूर्वीच्या भयपटांत याच वयाची मुले भयाचा खेळ उत्तम खेळत होती. त्या खेळाचा नियमच येथे मोडला गेला. मुलीने आईला मारणे आणि नायकाचे अखेरीस उगाचच मरणे यांना सामावून घेणारा संकेत त्या प्रेक्षकवर्गाजवळ उपलब्ध नव्हता. सहृदयत्व हा मनाचा उपजत गुण मानला तरी ते काव्याभ्यासाने घडते असेही अभिनवगुप्त मानतात. अभ्यास बदलतो, आणि म्हणून सहृदयत्वालाही इतिहास असतो, हा निष्कर्ष तेथून फार दूर नाही. याउस यांचे क्षितिज आणि परंपरेतील काव्याभ्यास या संकल्पना एकच नव्हेत. पण रसविघ्नाचे मूळ व्यक्तीत शोधावे की संकेतव्यवस्थेत, या प्रश्नावर दोन्ही समोरासमोर येतात.

४

यानंतरची दोन दशके हा क्षितिज बदलण्याचा काळ आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चित्रपटाचा खेळ झाला. पुढे मध्यरात्रीच्या खेळांना जाणाऱ्या तरुणांनी तो आपलासा केला. याच प्रेक्षकांनी व्हिएतनाममधील युद्धाची दृश्ये घरच्या दूरचित्रवाणीवर पाहिली होती. शेरीफच्या टोळीची निर्विकार शोधमोहीम त्यांना ओळखीची वाटली तर नवल नाही. १९७९ मध्ये टोरोंटो येथील चित्रपटमहोत्सवाच्या निमित्ताने रॉबिन वुड यांनी अमेरिकन भयपटाची सैद्धांतिक मांडणी केली. समाज जे दडपतो ते राक्षसाच्या रूपाने परतते, आणि म्हणून भयपटात समाजाचेच आत्मचित्र वाचावे, असे त्यांनी प्रतिपादले. कूपर कुटुंबाचा विनाश त्यामुळे कुटुंबसंस्थेवरील भाष्य ठरला. १९८८ मध्ये रिचर्ड डायर यांनी 'स्क्रीन' नियतकालिकातील निबंधात गोरेपणाच्या चित्रणाचा विचार करताना हा चित्रपट घेतला. बेन कृष्णवर्णीय आहे. चालते मृतदेह गोरे आहेत आणि त्याला मारणारेही गोरेच आहेत. दोहोंमधील हे साम्य पाहून गोरेपण आणि मृत्यू यांचे नाते त्यांनी उलगडून दाखवले.

या परिवर्तनामागे एक निव्वळ भौतिक कारणही आहे आणि सैद्धांतिक विवेचनात ते सहसा दुर्लक्षित राहते. चित्रपटाचे मूळ नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होते. वितरकाने नाव बदलताना शीर्षकपट्टी बदलली आणि तिच्यावरची स्वामित्वाची सूचना गळून पडली. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार सूचनेविना प्रसिद्ध झालेली कृती सार्वजनिक होत असे. निर्मात्यांचे नुकसान झाले. चित्रपट मात्र कोणालाही दाखवता येऊ लागला. चित्रगृहे, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि पुढे चित्रफितींचे विक्रेते यांनी तो मुक्तपणे पसरवला. पुनःपुन्हा पाहिला गेल्याखेरीज कृतीचा अर्थ बदलत नाही, आणि पुनःपुन्हा पाहिले जाणे हे येथे सौंदर्यमूल्याइतकेच एका गळलेल्या ओळीमुळेही शक्य झाले.

५

हा नवा अर्थ समीक्षकांनी कृतीवर लादला काय? रोमेरो यांचे म्हणणे या शंकेला बळ देते. बेनची भूमिका लिहिताना त्याचा वर्ण ठरवलेला नव्हता. ड्वेन जोन्स यांची निवड उत्तम चाचणीमुळे झाली, असे ते सांगत असत. चित्रपटात बेनच्या वर्णाचा कोणीही उल्लेख करीत नाही. एप्रिल १९६८ मध्ये तयार प्रत घेऊन न्यूयॉर्ककडे जात असताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी रेडिओवर ऐकल्याचेही त्यांनी सांगितले आहे. म्हणजे शेवटच्या दृश्याचा आजचा अर्थ चित्रीकरण संपल्यानंतर घडलेल्या घटनेच्या प्रकाशात उजळला.

पण निर्मात्याचा हेतू ही एकसंध वस्तू नसते. जोन्स हे साहित्य आणि रंगभूमी यांचे जाणकार होते. मूळ पटकथेतील बेन रांगडा ट्रकचालक होता. त्याची भाषा जोन्स यांनी स्वतःच्या सुशिक्षित वळणाने बदलली. बेनला वाचवणारा शेवट सुचवला गेला तेव्हा त्याला अशा कृत्रिम रीतीने वाचवलेले पाहण्यापेक्षा तो मेलेला पाहणे कृष्णवर्णीय समाज पसंत करील, असे आपण रोमेरो यांना पटवले, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. ही मुलाखत बऱ्याच नंतरची आहे आणि तीही एक प्रकारे पश्चाद्‌वाचनच आहे, हे मान्य करूनही तिचे महत्त्व कमी होत नाही. दिग्दर्शकाला जो प्रेक्षक दिसत नव्हता तो नटाच्या मनात अभिप्रेत होता. वोल्फगांग इझर यांनी ज्याला संहितेत गृहीत धरलेला वाचक म्हटले, तो येथे संहितेच्या एका सहनिर्मात्याने आणलेला आहे.

आणि तो प्रेक्षक काल्पनिकही नव्हता. केव्हिन हेफरनन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मोठ्या शहरांच्या अंतर्भागातील चित्रगृहांचा या चित्रपटाच्या वितरणातील वाटा दाखवून दिला. तेथील प्रेक्षकवर्गात कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. १९६९ मध्ये 'स्लेव्ह्ज' या गुलामगिरीवरील चित्रपटाच्या जोडीने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पुन्हा दाखवला गेला. वितरकाच्या व्यापारी बुद्धीला जे जाणवले होते ते छापील समीक्षेत यायला अनेक वर्षे जावी लागली.

अभिग्रहणाच्या इतिहासाची खरी अडचण येथे उभी राहते. 'व्हरायटी'च्या परीक्षकाचे मत उपलब्ध आहे. एबर्ट यांच्यामुळे एका रडणाऱ्या मुलीची आठवण उपलब्ध आहे. वुड आणि डायर यांचे निबंध उपलब्ध आहेत. शहराच्या अंतर्भागातील चित्रगृहात बसून, किंग यांच्या हत्येच्या वर्षी, शेरीफच्या गोळीने बेनला कोसळताना पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनातला आशय मात्र फार थोडा लिहिला गेला. त्याने हे रूपक ओळखलेच असणार असे ठासून सांगणे म्हणजे त्याच्या तोंडी आजची भाषा घालणे होय. उलटपक्षी हा अर्थ १९७९ किंवा १९८८ मध्ये विद्यापीठांत निर्माण झाला असे म्हणणे म्हणजे ज्याने लिहिले नाही त्याने पाहिलेच नाही असे मानणे होय. स्टॅन्ली फिश यांच्या 'अर्थनिर्णायक समूहां'च्या संकल्पनेतही हा पेच सुटत नाही. कारण आपले अर्थनिर्णय मुद्रित करण्याची साधने सर्व समूहांच्या हाती सारखी नसतात.

६

प्रेक्षकांच्या अलिखित मताचा एक पुरावा मात्र निर्विवाद आहे आणि तो म्हणजे या चित्रप्रकाराचे नाव. 'झोम्बी' हा शब्द चित्रपटात एकदाही उच्चारला जात नाही. तेथे मृतांना 'घूल' म्हटले आहे. झोम्बी ही हैतीमधील लोकश्रद्धा. अमेरिकेने हैतीवर १९१५ ते १९३४ या काळात ताबा ठेवला होता. त्याच काळात विल्यम सीब्रुक यांचे 'द मॅजिक आयलंड' हे १९२९ मधील पुस्तक आणि १९३२ मधील 'व्हाइट झोम्बी' हा चित्रपट यांनी ही कल्पना अमेरिकेत रुजवली. तो झोम्बी कोणाच्या तरी हुकमाखाली राबणारा, इच्छाशक्ती गमावलेला गुलाम होता. रोमेरो यांच्या मृतांना धनी नाही आणि ते राबतही नाहीत. ते फक्त खातात. तरीही लोकांनी त्यांना झोम्बी म्हटले आणि १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये खुद्द रोमेरो यांनी तो शब्द पात्राच्या तोंडी घातला. कृतीला नाव देण्याचा अधिकार येथे प्रेक्षकांनी बजावला. गुलामाच्या भुताचे नाव ज्यांना मिळाले त्यांच्याच कथेचा शेवट एका कृष्णवर्णीयाच्या हत्येत व्हावा, हा योगायोग कोणी योजलेला नव्हता.

हे नाव पुढे दूरवर पोचले. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा डोंबिवलीच्या नावातील ती कोटी कळण्यासाठी मराठी प्रेक्षकाला हैती माहीत असण्याची गरज नव्हती आणि पिट्सबर्गचीही नव्हती. १९६८ मध्ये ज्याने मुलांना खिळवून रडवले ते आता विनोदाला आधार देण्याइतके परिचित झाले आहे. क्षितिज एकदा विस्तारले की त्याला मोडणारी कृती त्याच क्षितिजाचा भाग बनते, हे याउस यांचे निरीक्षण येथे खरे ठरते.

मात्र विस्तारलेल्या क्षितिजाचे वर्णन करून इतिहासकाराचे काम संपत नाही. संहितेचे पाठभेद तपासावेत तसे आस्वादाचे पाठभेद तपासावे लागतात, आणि पाठचिकित्सेत गहाळ पृष्ठांची जागा कोरी दाखवण्याचा जो प्रामाणिकपणा अपेक्षित असतो तो येथेही आवश्यक आहे. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'च्या अभिग्रहणात अशी कोरी जागा त्याच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांची आहे. ती तर्काने भरून काढता येणार नाही. पण ती तेथे आहे हे नोंदवल्यावाचून या चित्रपटाच्या अर्थाचे श्रेय कोणाही समीक्षकाच्या नावे लिहिता येणार नाही.