एक लेख, अनेक चिनी

१९५६ साली चीन सरकारने चिनी अक्षरे सोपी करण्याची योजना आणली. तैवान, हाँगकाँग आणि मकाऊ जुन्या अक्षरांवर राहिले. सिंगापूरने पुढे सोपी स्वीकारली. २००२मध्ये चिनी विकिपीडियावर लेखन सुरू झाले, तेव्हा ही फूट स्वयंसेवक संपादकांच्या दारात उभी राहिली. एकाच विषयावर दोन लिप्यांत दोन लेख होऊ लागले. २००५च्या सुमारास तोडगा निघाला : लेख एकच, लिहिणाऱ्याने आपल्या लिपीत लिहावा, वाचणाऱ्याला त्याच्या लिपीत दिसावा.

काम वाटते तितके यांत्रिक नव्हते. सम्राज्ञीसाठीच्या शब्दातले ‘होऊ’ आणि ‘नंतर’ या अर्थाचे ‘होऊ’ ही जुनी वेगळी अक्षरे सोप्या लिपीत एक झाली आहेत. उलट वाटेने जाताना यंत्र चुकले, की महाराणीची ‘नंतर’ होते! शिवाय शब्दही वेगळे. सॉफ्टवेअर बीजिंगमध्ये ‘रुआनच्येन’, तैपेईत ‘रुआनथी’. ‘थुतोऊ’ मुख्य भूमीवर बटाटा, तैवानात शेंगदाणा. अशा जोड्यांचे तक्ते स्वयंसेवकांनी जमवले. मला अनुवादक म्हणून यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते : कोणताही शब्द प्रमाण ठरवावा लागला नाही.

पण ‘वो क्वो’, म्हणजे ‘आपला देश’, याला तक्ता काय करणार? मुख्य भूमीवरच्या लेखनात तो सहज येतो. तैपेईतल्या किंवा क्वालालंपूरमधल्या वाचकाचा देश कोणता? संपादकांनी नियमच केला : ‘आपला देश’ लिहायचे नाही, देशाचे नाव लिहायचे, आणि फक्त मुख्य भूमीपुरते बोलायचे असेल तर ‘चीन’ न म्हणता तसे स्पष्ट म्हणायचे. अनुक्रमणिका चाळणाऱ्याला हा नियम किरकोळ वाटेल. माझ्या मते त्या ज्ञानकोशातले सर्वांत अवघड वाक्य तेच आहे.

नियमाला बाहेरचे वारे लागलेच. चीनमध्ये विकिपीडिया २००४पासून अधूनमधून अडवला गेला. २०१५मध्ये चिनी आवृत्ती बंद झाली, २०१९मध्ये सर्व भाषा. तरी आडवाटेने येणारे संपादक होतेच. हाँगकाँगमध्ये २०२०चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आल्यावर वादाचा सूर बदलला. प्रतिस्पर्ध्याची पोलिसांत तक्रार करण्याची भाषा कानी येऊ लागली. सप्टेंबर २०२१मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने मुख्य भूमीशी संबंधित सात जणांवर बंदी घातली आणि बारा जणांचे प्रचालकपद काढले. समाजात घुसखोरी आणि सदस्यांच्या सुरक्षिततेला धोका, ही कारणे दिली.

लिपी निवडायची यादी आजही लेखाच्या माथ्यावर आहे. तिच्यात ‘मुख्य भूमी, सोपी’ हा पर्यायही आहे.