सरपणाची बेगमी

जुन्या घरांची वर्णने करताना देवघर, तुळशीवृंदावन, विहीर यांचा उल्लेख होतो. मागच्या पडवीतील लाकडांच्या राशीची मात्र कोणी आठवण काढीत नाही. वस्तुतः कोंकण-गोमंतकात पावसाळ्याचे चार महिने चूल पेटती राहिली ती या राशीच्या जिवावर. सरपण साठविण्याचा इतिहास आम्हांस दोन परस्परविरोधी गरजांच्या तडजोडीचा इतिहास वाटतो. लाकूड कोरडे राहावयाचे तर ते चुलीच्या उबेजवळ हवे, आणि घर निर्धोक राहावयाचे तर तेच लाकूड चुलीपासून दूर हवे.

हा पेच फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात दुर्गात करावयाच्या साठ्यांची यादी दिली आहे. तीत तेल, धान्य, मीठ, औषधी यांच्याच पंक्तीस गवत, लाकूड आणि कोळसा बसविले आहेत. साठा अनेक वर्षे पुरावा आणि जुना काढून त्या जागी नवा भरीत जावा, असाही दंडक आहे. त्याच ग्रंथात नगराच्या कारभाराचा विचार करताना उन्हाळ्यात भर दुपारी घरात विस्तव करण्यास मनाई केली असून रांधणे घराबाहेर करण्याची मुभा दिली आहे. गवताची आच्छादने काढून टाकावीत आणि घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड व आकडा हाताशी असावा, असे तेथे सांगितले आहे. साठा करा, पण त्याला आगीपासून जपा, या दोन्ही आज्ञा एकाच ग्रंथात आहेत.

मराठी भाषेत या विषयावरचे सर्वांत ठसठशीत लेखन म्हणजे शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६७० च्या दशकात, चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांस गेलेले पत्र होय. रयतेस उपद्रव देऊ नये, या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा बराचसा भाग साठ्याविषयी आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेले दाणे व गवत आताच उधळले तर पुढे घोडी मरतील, हे त्यात प्रथम बजाविले आहे. त्यानंतर आगीचा विषय येतो. कोणी शेकोटी करील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेईल; जवळ गवत आहे, वारा वाहतो आहे, याचे भान राहणार नाही. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जाते. एकदा सर्व जळून गेल्यावर कोणास कितीही शासन केले तरी खण उभारावयास एक लाकूडही मिळणार नाही, हे त्यातील तात्पर्य. दुर्घटनेनंतरची शिक्षा निरुपयोगी, आधीची देखरेखच खरी, हा विचार गृहिणीलाही सहज पटावा असा आहे.

घराघरांतून ही देखरेख बायकांनी केली, आणि त्यांची पत्रे कोठे राहिली नाहीत. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. म्हणून मे महिन्यात सुकी मासळी, मिरची, मीठ, सोलां यांच्याबरोबर सरपणाचीही भर होई. कोंकणात तिला आगोटीची बेगमी म्हणतात. गोव्यात पोर्तुगीज शब्दावरून आलेला ‘पुरुमेंत’ हा शब्द रूढ झाला. लाकडाच्या ढलप्यांबरोबर माडाची चुडतां, सोडणां आणि करट्याही राशीत असत.

ताज्या तोडीच्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. ते आटविण्यातच बरीच उष्णता खर्च होते आणि उरतो तो धूर. म्हणून लाकूड हिवाळ्यातच तोडून व फोडून उन्हात टाकावयाचे. रास दगडांवर किंवा ओंडक्यांवर रचावयाची, म्हणजे ओल व वाळवी खालून चढत नाही. एक थर उभा, एक आडवा, मध्ये वारा खेळेल अशी फट. भिंतीपासून थोडे अंतर ठेवले म्हणजे भिंतीची ओल लागत नाही आणि साप-विंचू नजरेस पडतात.

मूळ पेच सुटला तो मात्र साठ्याचे विभाग पाडून. वर्षाचे लाकूड अंगणापलीकडच्या मांगरात, आठवड्याचे मागच्या पडवीत, आणि चुलीशेजारी केवळ एका दिवसाचे. लाकूड चुलीकडे सरके तसतसा त्याचा साठा लहान होई. ठिणगी उडालीच तर तिला मूठभरच सरपण सापडे. जेथे चुलीवरच्या माळ्यावर सर्व लाकूड कोंबीत, तेथे ते धुराने उत्तम वाळे, पण गवती छपराखाली तो धोकाच होता. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. पुढे ही कौले कोंकण-गोव्याच्या छपरांवर पसरली आणि हे भय काहीसे उणावले. ओल्या लाकडाच्या धुराने चुरचुरणारे डोळे आणि खोकल्याने झिजणारी छाती मात्र कौलांनी वाचविली नाही.

१९५५ साली मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आला आणि हळूहळू शहरांतील चुली विझल्या. तरीही न्हाणीचे पाणी तापविण्यास, पोदेराच्या भट्टीस आणि खेड्यांतील अनेक चुलींस आजही लाकूड लागते. जेथे ते लागते, तेथे जुनी शिस्तच पाळावी, असे आम्ही सुचवू. तीत एवढीच भर घालावी की रास गॅसच्या टाकीपासून व विजेच्या तारांपासून दूर असावी. पडवीत आता लाकूड कमी झाले आहे. त्याबरोबर ते रचण्याची विद्याही विस्मृतीत जाऊ नये. आपापल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ती विचारून, टिपून ठेवावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे.