स्वस्त चिनी हेडफोन (निवड आणि फेरबदल)

स्वस्त चिनी हेडफोन या नावाने सामान्यतः चीनमध्ये तयार होणारे, संपूर्ण कान आत सामावून घेणारे आणि अल्प किमतीत मिळणारे तारयुक्त हेडफोन ओळखले जातात. कानावर नुसते टेकणारे किंवा कानाच्या छिद्रात बसणारे प्रकार यात येत नाहीत. अशा हेडफोनांतील काहींचे ध्वनिगुण त्यांच्या किमतीच्या मानाने बरेच उजवे असतात. त्यांचे दोष पुष्कळदा कानगादी, हवेची गळती आणि वाटीतील परावर्तन यांच्याशी निगडित असतात. त्यामुळे ते विकत घेऊन त्यांत घरच्या घरी फेरबदल करण्याची प्रथा जगभरच्या संगीतप्रेमींत रूढ आहे.

'चिनी' हे विशेषण येथे सैल अर्थाने वापरले जाते. या वर्गातील सर्वांत परिचित नाव सुपरलक्स हे तैवानी कंपनीचे आहे. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे उत्पादन मात्र चीनमध्ये होते. टाकस्टार ही कंपनी ग्वांगदोंग प्रांतातील हुइझोउ येथील असून ती १९९५ पासून या व्यवसायात आहे. हायफायमॅन ही या क्षेत्रातील आणखी एक कंपनी. तिचे काही सपाट-पटल हेडफोन आता या वर्गाच्या वरच्या काठावर येऊन पोहोचले आहेत.

पार्श्वभूमी

या कंपन्या दुसऱ्यांच्या नाममुद्रेखालीही माल तयार करून देतात. किंग्स्टन कंपनीच्या हायपरएक्स विभागाने २०१४ मध्ये बाजारात आणलेला, खेळाडूंमध्ये लोकप्रिय झालेला 'क्लाउड' हा हेडसेट स्वीडनच्या क्यूपॅड कंपनीच्या क्यूएच-९० वर आधारलेला होता आणि त्या दोहोंचे मूळ टाकस्टारच्या प्रो ८० मध्ये होते. एकच वस्तू तीन नावांनी आणि तीन किमतींना विकली गेल्याचे हे ठळक उदाहरण आहे. उलट दिशेने, प्रसिद्ध युरोपीय हेडफोनांच्या घडणीची छाप चिनी मालावर स्पष्ट दिसते. सुपरलक्स एचडी ६८१ चा दुहेरी कमानींचा आणि आपोआप जुळणाऱ्या पट्ट्याचा सांगाडा ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीच्या के२४० वरून उचललेला आहे, हे दोन्ही शेजारी ठेवल्यास कोणालाही कळेल.

किंमत आणि ध्वनी यांचे नाते किती क्षीण आहे, याचा अभ्यास येरून ब्रेबार्ट यांनी केला. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ द अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात २८३ हेडफोनांचे मापन होते. हेडफोनाचा कंप्रता-प्रतिसाद आणि त्याची विक्रीची किंमत यांत सहसंबंध आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. यावरून स्वस्त ते उत्तम असे ठरत नाही. किमतीचा आकडा पाहून ध्वनीविषयी काहीच सांगता येत नाही, एवढेच ठरते. टिकाऊपणा, सुटे भाग आणि हमी या गोष्टी वेगळ्या. तेथे किंमत बोलते.

निवड

निवड करताना पहिला प्रश्न हेडफोन कोठे वापरायचा हा असतो. बंद प्रकारात वाटीची मागची बाजू बुजवलेली असते, त्यामुळे बाहेरचा गोंगाट कमी येतो. खुल्या प्रकारात मागे जाळी असते. ध्वनी मोकळा वाटतो, परंतु तो शेजाऱ्यालाही ऐकू जातो आणि शेजाऱ्याचे बोलणे आपल्याला. अर्ध-खुला प्रकार या दोहोंच्या मधला. लोकल गाडीत किंवा एसटीत खुला हेडफोन निरुपयोगी आहे आणि रात्री शांत खोलीत बंद हेडफोनाचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न उपकरणाच्या शक्तीचा. हेडफोनाचा संरोध (ओहममध्ये) आणि संवेदनशीलता (१ मिलिवॉट शक्तीला मिळणारे डेसिबल) हे दोन आकडे एकत्र वाचावे लागतात. एचडी ६८१ चा संरोध ३२ ओहम आणि संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे. संगीतातील क्षणिक शिखरे ११० डेसिबलपर्यंत न्यायची असतील तर १२ डेसिबल अधिक, म्हणजे सुमारे १६ मिलिवॉट शक्ती लागेल आणि त्यासाठी साधारण ०.७ व्होल्ट पुरतील. हे काम मोबाइलला जोडायचा साधा टाइप-सी अडॅप्टरही बहुधा करू शकतो. हायफायमॅनच्या एचई४००एसई या सपाट-पटल हेडफोनाचा संरोध २५ ओहम, म्हणजे आणखी कमी आहे. पण संवेदनशीलता ९१ डेसिबल असल्याने तेवढ्याच आवाजासाठी सुमारे ८० मिलिवॉट आणि १.४ व्होल्ट लागतात. म्हणजेच 'ओहम कमी तर चालवायला सोपा' हा बाजारात ऐकू येणारा नियम अपुरा आहे.

खोक्यावरील इतर मजकुराचा उपयोग थोडा. '१० ते ३०,००० हर्ट्झ' असा पल्ला छापलेला असतो, परंतु त्या पल्ल्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितल्याखेरीज त्या आकड्यांना अर्थ नाही. मनुष्याची श्रवणमर्यादाच मुळात २० ते २०,००० हर्ट्झ मानली जाते आणि वयानुसार तिचे वरचे टोक खाली येत जाते. 'स्टुडिओ' आणि 'मॉनिटर' ही विशेषणे कोणतीही कसोटी उत्तीर्ण झाल्याची खूण नव्हेत. यापेक्षा त्या प्रतिमानाचा मोजून काढलेला आलेख उपलब्ध असेल तर तो पाहावा. तुलनेसाठी पुष्कळदा हार्मन वक्र वापरला जातो. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी श्रोत्यांच्या पसंतीच्या चाचण्यांतून २०१३ च्या सुमारास तो मांडला. त्यात खर्जाला थोडा उठाव आणि ३,००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा असतो; कारण मोकळ्या हवेतील आवाज ऐकतानाही कानाची पाळी आणि कर्णनलिका हाच भाग वाढवून देतात.

एचडी ६८१ चे उदाहरण

या हेडफोनात ५० मिलिमीटर व्यासाचा ड्रायव्हर असून तो अर्ध-खुल्या प्रकारचा आहे. त्याचा मध्यभाग बराच समतोल आहे आणि खर्जात किंचित फुगवटा आहे. खरी अडचण ८,००० ते ९,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आहे. तेथे आवाज एकदम उसळतो. मराठी ऐकताना हा दोष लगेच उघडा पडतो. स, श आणि विशेषतः 'चमचा', 'जहाज' यांतील दंततालव्य च-ज यांच्या घर्षणाची ऊर्जा वरच्या कंप्रतांत पसरलेली असते. निवेदकाचा प्रत्येक 'स' कानाला टोचतो, झांजा आणि टाळ भांडे आपटल्यासारखे वाजतात. कंपनीने याच सांगाड्यात एचडी ६८१बी, एचडी ६८१एफ आणि एचडी ६८१ इव्हो अशी निराळ्या स्वरजुळणीची रूपे काढली आहेत. एचडी ६६८बी मध्ये तार वाटीतील खोबणीत लावता-काढता येते. तार हाच हेडफोनाचा सर्वांत आधी निकामी होणारा भाग असल्याने ही सोय लहान नाही.

दोष याच पट्ट्यात का, हे लांबीच्या हिशेबाने समजते. ८,५०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ४ सेंटिमीटर भरते आणि गादी, वाटी व कान यांमधील पोकळीची मापेही याच कोटीतील असतात. त्यामुळे तरंग तेथे मागेपुढे आपटून अनुस्पंदन उत्पन्न करतो. १०० हर्ट्झला मात्र तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते. तिथे ती पोकळी केवळ हवेच्या दाबाचा डबा ठरते आणि डब्याला फट पडली की खर्ज निघून जातो. चष्म्याची काडी गादीखाली येऊन खर्ज कमी होतो तो यामुळेच. 'या हेडफोनाला खर्जच नाही' अशी तक्रार करण्यापूर्वी चष्मा काढून एकदा ऐकावे.

फेरबदल

सर्वांत स्वस्त आणि पूर्णपणे पूर्ववत करता येणारा उपाय म्हणजे ड्रायव्हरसमोर पातळ आडोसा ठेवणे. गादीची कड खोबणीतून ओढून ती काढतात आणि ड्रायव्हरच्या जाळीवर टिश्यू पेपरचा एक पदर, पातळ फेल्टची चकती किंवा कापसाचा विरळ थर ठेवून गादी परत चढवतात. तंतूंतून जाताना हवेच्या हालचालीला घर्षण होते आणि तीव्र अनुस्पंदन शमते. दोन्ही बाजूंस एकाच तुकड्यातून कापलेल्या सारख्या चकत्या असाव्यात, अन्यथा गायक मध्यभागातून एका कानाकडे सरकतो. थर वाढवत नेल्यास ठसक्याबरोबर तानपुऱ्याच्या तारांची झळाळीही जाते आणि सगळेच गोधडीतून ऐकू आल्यासारखे होते. एका पदरापासून सुरुवात करावी.

दुसरा उपाय गादी बदलण्याचा. एचडी ६८१ वर के२४० च्या मापाच्या गाद्या बसतात. मूळ रेक्झिनच्या गादीऐवजी मखमली गादी लावल्यास उन्हाळ्यात कान घामेजत नाहीत, परंतु मखमल हवा सोडते. त्यामुळे खर्ज उतरतो. एचडी ६८१ च्या फुगलेल्या खर्जाला ते मानवते, आधीच खर्ज कमी असलेल्या हेडफोनाला नाही. जाड गादीने ड्रायव्हर कानापासून दूर जातो व पोकळीचे आकारमान वाढते, म्हणून वरच्या पट्टीतील शिखराची जागाही सरकते. गादी ही केवळ आरामाची वस्तू समजून बदलली की ध्वनी बिघडल्याचे खापर अकारण ड्रायव्हरवर फुटते.

वाटीच्या आत मागील बाजूस थोडा कापूस किंवा फेल्ट भरणे, मागची भोके सच्छिद्र वैद्यकीय चिकटपट्टीने अंशतः झाकणे आणि कायमच्या तारेऐवजी ३.५ मिलिमीटरची खोबण बसवणे हे पुढचे टप्पे होत. यांसाठी वाटी उघडावी लागते आणि हमी बहुधा संपुष्टात येते. येथे दोन धोके आहेत. ड्रायव्हरमागील चुंबक पोलादी पेचकस खेचून घेतो. तो घसरून पडद्यात घुसला तर ड्रायव्हर वाया जातो. दुसरे म्हणजे हेडफोनाच्या तारेतील बारीक तंतूंवर लाखेचा पातळ लेप असतो, तो जाळल्याशिवाय डाख धरत नाही. जोडणी करताना एका बाजूची टोके उलटी लागली तर खर्ज पोकळ होतो आणि एकमार्गी ध्वनिमुद्रणातील आवाज डोक्याच्या मध्यभागी न बसता विरून जातो. ही ओळखण्याची सोपी खूण आहे.

फेरबदलाची परीक्षा एका वेळी एकच गोष्ट बदलून घ्यावी. आवाज कमी ठेवून, खालून वर चढत जाणारा शुद्ध स्वर ऐकल्यास टोचणारी जागा सापडते. हेडफोन कानावर किंचित पुढेमागे सरकवल्यावर ती जागा बदलली, तर दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. त्या कानाच्या घडणीचाही त्यात वाटा आहे. म्हणूनच एकाला लाभलेला फेरबदल दुसऱ्याला लाभेलच असे नाही.

संगणकावर किंवा मोबाइलवर ऐकणाऱ्यास पेचकसाविनाही बरेच साधते. विंडोजवरील 'इक्वलायझर एपीओ' या विनामूल्य आज्ञावलीत ८,५०० हर्ट्झजवळ अरुंद पट्ट्यात ५–६ डेसिबलची घट दिली की एचडी ६८१ चा ठसका पुष्कळ निवळतो. एखादा भाग वाढवायचा असेल तर एकूण पातळी आधी तेवढीच खाली आणावी, नाहीतर ध्वनी फाटतो. गादीची गळती, दोन ड्रायव्हरांतील तफावत आणि पडद्याची खरखर यांवर मात्र ही मात्रा चालत नाही. तसा नग पहिल्याच आठवड्यात परत करावा.

श्रवणसुरक्षा

ठसका काढून टाकल्यावर तोच आवाज आता सौम्य भासतो आणि श्रोता नकळत पातळी वाढवतो. खुला हेडफोन गोंगाटात वापरल्यासही हेच घडते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीला आठवड्यात ४० तास ही मर्यादा आहे; मुलांसाठी ती ७५ डेसिबल धरली आहे. दर ३ डेसिबल वाढीला अनुज्ञेय वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास आणि ८९ डेसिबलला आठवड्यातून ५ तास.