माती सरकारची, भिंती आमच्या

मानपुरच्या घराच्या भिंती आमच्या आजोबांनी दोनदा पाडून पुन्हा बांधल्या, कुणाला विचारलं नाही. तेच आजोबा महूच्या घरात एक खिडकी मोठी करायची तर नकाशा काखोटीला मारून निघत. घरातल्या नव्या सुनांना हे कोडंच वाटतं, म्हणून लिहितोय.

मानपुर मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. १८६० च्या तहाने हा परगणा शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला. महूची गोष्ट त्याहून जुनी. जानेवारी १८१८ मध्ये होळकरांशी मंदसौरचा तह झाला आणि मग तिथे छावणी बसली. पलटणींबरोबर मराठी माणसंही आली. सुभेदार रामजी तिथल्या लष्करी शाळेत शिकवत, आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूतलाच.

छावणीतल्या जुन्या बंगल्यांच्या जागा बहुधा 'ओल्ड ग्रँट'च्या. म्हणजे जमीन सरकारची, वरचं बांधकाम तेवढं तुमचं. सरकारला गरज पडली की महिन्याची नोटीस, बांधकामाची किंमत हातात, आणि जागा परत. पुढे १९३७ च्या छावणी जमीन नियमांत भाडेपट्टे आले, तीस वर्षांचे, दोनदा वाढवून नव्वदपर्यंत जाणारे. पण माती तीच, सरकारची! कुणी 'बंगला घेतला' म्हणून पेढे वाटले की आजोबा गालातल्या गालात हसत.

आता परवानगीचं. १९२४ च्या छावणी कायद्याप्रमाणे नवं बांधकाम किंवा मोठा फेरबदल बोर्डाच्या मंजुरीशिवाय करता येत नसे, आणि सरकारी जमीन असली तर बोर्ड आधी लष्कराच्या जमीन अधिकाऱ्याला विचारी, सरकारची हरकत आहे का. २००६ च्या नव्या कायद्यातही मूळ गाभा तोच आहे. त्यामुळे आमच्याकडे एक हिशेब पक्का होता: फुटलेलं कवेलू काढून नवं कवेलू बसवलं तर ती दुरुस्ती. कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा, तर अर्ज. जुन्या छावण्यांतली कौलारू छपरं इतकी वर्षं टिकली ती हौसेपेक्षा या हिशेबाने, असं माझं मत.

आजीचे गुडघे गेले तेव्हा खरी पंचाईत झाली. संडास अंगणाच्या पार टोकाला, पावसाळ्यात चिखल. आत न्हाणीघर काढायचं तर भिंत फोडायची, म्हणजे अर्ज आलाच. आजोबांनी शिस्तीत नकाशे काढून दिले. "अहो, कागद येईल तेव्हा येईल, मला मानपुरला नेऊन सोडा," आजी म्हणाली. तिथे गवंड्याने आठ दिवसांत न्हाणीघर उभं केलं. यथावकाश महूची मंजुरीही आली, पण आजी काही परत गेली नाही. आजोबा एकटे तिथे राहत, दर शनिवारी बसने मानपुरला येत.

तो मंजूर नकाशा आजही ट्रंकेत आहे. न्हाणीघर मात्र महूला बांधलंच नाही.