माणदेशातील आटपाडी : दुष्काळी गाव आणि त्याची माणसे

सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातारा आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत आटपाडी हे तालुक्याचे गाव वसले आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशाला माण नदीवरून माणदेश हे नाव पडले. ही नदी साताऱ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते. वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. येथे सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास वा त्याहूनही कमी पडतो. ज्वारी, बाजरी, मेंढरे आणि खिलार बैल यांवर येथील संसार पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला. पाऊस चुकला की मेंढरांमागे धनगर आणि कामामागे शेतकरी गाव सोडून जात आले.

अशा या एका तालुक्याने मराठी साहित्याला अवघ्या अकरा वर्षांत अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे तीन अध्यक्ष दिले. यवतमाळच्या १९७३ च्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर, अंबाजोगाईच्या १९८३ च्या संमेलनाचे अध्यक्ष त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर आणि जळगावच्या १९८४ च्या संमेलनाचे अध्यक्ष शंकरराव खरात हे तिघेही याच मातीतले. नदी, मळे आणि विद्यापीठे लाभलेल्या कित्येक सुखवस्तू तालुक्यांनाही अशी परंपरा सांगता येत नाही.

स्वातंत्र्यापूर्वी आटपाडी औंध संस्थानात होते. ७२ गावांचे हे छोटे संस्थान सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल आणि आज कर्नाटकात असलेले गुणदाळ असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे कडवे पुरस्कर्ते होते. महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली घटना स्वीकारून त्यांनी १९३९ मध्ये राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या आणि लोकप्रतिनिधींच्या हाती सोपविला. या कामात त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा वाटा मोठा होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्यानंतरचा हा दक्षिण सातारा जिल्हा १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला.

औंधच्या प्रयोगांपैकी एक आटपाडीजवळ आजही पाहता येतो. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना बेड्या आणि भिंती यांवाचून शेतीवर ठेवावे, अशी कल्पना फ्रीडमन यांनी मांडली आणि राजांनी ती मान्य केली. त्यातून १९३९ मध्ये ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभी राहिली. निवडक कैदी येथे आपल्या कुटुंबासह राहतात आणि जमीन कसतात. कैदी पळून जातील ही शंका तेव्हा अनेकांना होती. पण वसाहत टिकली आणि पुढे राज्याच्या तुरुंग खात्याचा भाग झाली. हीच कल्पना घेऊन ग. दि. माडगूळकर यांनी व्ही. शांताराम यांच्यासाठी ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कथा लिहिली. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि ओसाड माळ पिकवू पाहणारा तुरुंगाधिकारी यांची ही कथा १९५७ मध्ये पडद्यावर आली आणि पुढील वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गौरविली गेली. चित्रपट पाहणाऱ्या देशभरातील प्रेक्षकांपैकी किती जणांना त्यामागचा माळ आटपाडीचा आहे हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे या आजोळच्या गावी झाला. घराणे मात्र माडगुळे गावच्या कुलकर्ण्यांचे. वडील संस्थानच्या नोकरीत होते आणि घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताने दगा दिला आणि शिक्षण तेथेच थांबले. कोल्हापुरात वि. स. खांडेकर यांच्याकडे लेखनिक म्हणून काम करता करता ते चित्रपटसृष्टीत शिरले आणि गीते, पटकथा, संवाद अशा तिन्ही अंगांनी तेथे रमले. पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीपासून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते त्यांची आणि संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत अशी ही मालिका वर्षभर चालली. पुण्यात स्थिरावल्यावरही लिहिण्यासाठी ते माडगुळ्याला परतत. शेतातील ज्या खोपीत ते बसत, ती ‘बामणाचा पत्रा’ या नावाने पंचक्रोशीत प्रसिद्ध झाली. १४ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांचा पिंड वेगळा. शिक्षण अर्धवट टाकून त्यांनी बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतली. चित्रकाराची नजर लाभलेल्या या लेखकाने आपल्या गावची माणसे जशी दिसली तशी, न नटवता, कागदावर उतरविली. ‘माणदेशी माणसे’ हे पुस्तक १९४९ मध्ये आले, तेव्हा मराठी कथेतील खेडे बरेचसे शहरातून पाहिलेले होते. त्यानंतर ते तसे राहिले नाही. १९५५ च्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत एक तरुण मास्तर औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. वाडी त्याला हळूहळू आपला मानते, सर्वांच्या श्रमांतून तालीम उभी राहते, तिच्या उद्‌घाटनाला खुद्द राजे येतात. आणि मग पाऊस पाठ फिरवतो व वाडी ओस पडते. अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या दिवसांवर त्यांनी ‘वावटळ’ ही कादंबरी लिहिली. ज्या गावावर जीव जडला त्याच गावाचे दुसरे रूप त्यांनी येथे तितक्याच संयमाने दाखविले आहे. ‘सत्तांतर’साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अनेक वर्षे ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांशी निगडित होते.

माडगूळकर बंधूंनी लिहिलेले गाव आणि शंकरराव खरात यांनी लिहिलेले गाव ही एकाच मुलुखाची दोन चित्रे आहेत. एक वाचून दुसऱ्याची कल्पना येत नाही. खरातांचा जन्म १९२१ मध्ये आटपाडीतील महारवाड्यात झाला. वडिलांकडे तराळकी होती. गावाची व सरकारची पडतील ती कामे करायची आणि मोबदल्यात भाकरी गोळा करायची, असे ते वतन होते. विहिरीत सापडलेले प्रेत पोलिसांच्या हुकमावरून वडिलांना स्वतः विहिरीत उतरून वर काढावे लागले, तो प्रसंग त्यांनी लिहिला आहे. पाण्यावाचून तडफडणाऱ्या गावात जी माणसे विहिरीला एरवी शिवूही शकत नव्हती, त्यांच्यावरच हे काम पडे, ही गोष्ट खरात आवाज न चढवता सांगतात. आटपाडी, औंध आणि पुणे असे शिकत ते वकील झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीत त्यांनी काम केले आणि ‘प्रबुद्ध भारत’चे संपादन केले. पुढे ते औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘तराळ-अंतराळ’ हे त्यांचे आत्मकथन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. २००१ मध्ये, व्यंकटेश माडगूळकर यांच्या आधी काही महिने, त्यांचे निधन झाले.

या तिन्ही लेखकांच्या पानापानांत ज्या पाण्याचा अभाव आहे, त्यासाठीची लढाई आटपाडीत १९९० च्या दशकात उभी राहिली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून येथे दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी भागाला द्यावे, ही मागणी होतीच. पण ते पाणी केवळ मोठ्या जमीनदाराच्या उसाला न जाता प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही, समान हक्काने मिळावे, असा आग्रह या चळवळीने धरला. बंद नळातून समन्यायी वाटप करण्याची ही कल्पना ‘आटपाडी पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते.

कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे नेणाऱ्या उपसा योजनेचे काम १९९६ मध्ये सुरू झाले. निधी अडे, काम थांबे, मोर्चे निघत, पुन्हा काम सुरू होई. २०१२-१३ च्या दुष्काळातही तालुक्यातील जनावरे चारा छावण्यांत बांधलेली होती. कालांतराने टेंभूचे पाणी आटपाडीच्या ओढ्यांत आणि तलावांत पोहोचले. नायकवडी २०१२ मध्ये आणि देशमुख २०२१ मध्ये काळाच्या पडद्याआड गेले.

दरम्यान शेतकरी हातावर हात ठेवून बसला नव्हता. कमी पाण्यावर तग धरणारे डाळिंब त्याने ठिबक सिंचनावर जोपासले आणि आटपाडीच्या बाजारात डाळिंबाचे सौदे होऊ लागले. तेल्या रोगाने अनेक बागा उपटाव्या लागल्या, हेही खरे. काहींनी त्याच जागी पुन्हा रोपे लावली. शेळ्या-मेंढ्यांचा बाजार मात्र पूर्वीसारखाच गजबजतो. कार्तिकातील उत्तरेश्वराच्या यात्रेत त्याला विशेष भर येतो, तर खिलार जनावरांसाठी खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाला आटपाडी भेटते ती बहुधा सराफ बाजारात. सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या कारागिरांना गलाई व्यावसायिक म्हणतात. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली खानापूर, आटपाडी, तासगाव भागातील कुटुंबे या धंद्यात दिल्ली, कोलकाता, चेन्नईपासून केरळपर्यंत पसरली आहेत. गल्लीच्या टोकाला भट्टी, वर छोटीशी खोली आणि भिंतीवर सिद्धनाथाची तसबीर असे त्यांचे बिऱ्हाड असते. मुले तेथील भाषेत शिकतात, घरात बोली माणदेशी राहते आणि यात्रेच्या दिवसांत गावाकडच्या गाड्या भरून जातात.