मुलाम्याची झीज

आरंभींच्या इंग्रजी मोटरसायकलींवर निकलचा मुलामा असे. दमट हवेंत तो पिवळट, निस्तेज पडे. मग मालक घरींच पॉलिश व फडकें घेऊन बसे. पण ही निगाच घातक! घासावें तर मुलामा झिजून खालचें पोलाद गंजे. न घासावें तर तेज जाई. १९२४ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठांत फिंक यांनीं क्रोमियमच्या मुलाम्याची व्यवहार्य रीत सिद्ध केली, आणि १९३० च्या आसपास तो मोटरसायकलींवर रूढ झाला. क्रोमियम काळवंडत नाहीं, हें खरें. तथापि त्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. गंज थोपवून धरतें तें त्याखालचें निकलच. जुन्या संवयीची खरखरीत भुकटी येथें अपायकारक. साबणाचें पाणी व मऊ कापड पुरे. १९५१-५२ सालीं निकलची टंचाई झाली, तेव्हां ब्रिटिश कारखान्यांनीं कित्येक चकचकीत भागांवर साधा रंगच चढविला.